उसना गडी

वाचकहो, आमच्या घरात राजकारणावरून भांडण होत नाही. सणाच्या खर्चावरून किंवा पाहुण्यांच्या मानपानावरूनही फारसं होत नाही. भांडण होतं ते इंग्लंडातल्या एका पोराला दुसऱ्या गावी उसना द्यायला हवा होता की नको, यावरून. ऑगस्ट २०२२ मध्ये हे भांडण सुरू झालं. पोरगा दुसऱ्या गावी गेला, परत आला, नाव कमावून बसला, तरी आमच्याकडे ते काही मिटलेलं नाही.

पोराचं नाव अमाद डियालो. जन्म आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानचा, फुटबॉल शिकला इटलीत. मँचेस्टर युनायटेडनं त्याला जानेवारी २०२१ मध्ये अटलांटा क्लबकडून आणला, तेव्हा नुसती सुरुवातीची रक्कम एक कोटी नव्वद लाख पौंडांच्या घरात होती आणि पोराचं वय होतं अठरा. डाव्या पायाचा, पण उजव्या कडेनं खेळणारा. कडेनं पळत जाऊन बचाव फोडणाऱ्या अशा गड्याला विंगर म्हणतात, हे फुटबॉल न बघणाऱ्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. त्याच वर्षी मार्चमध्ये मिलानविरुद्ध त्यानं डोक्यानं असा अलगद गोल केला की आमचे चिरंजीव, जे स्वतः टिळकवाडीत डाव्या कडेनं पळतात, त्या दिवसापासून त्याचे भक्तच झाले. चिरंजीव तेव्हा आठवीत होते.

आता उसनं देणं म्हणजे काय? आपल्याकडे शेजारीण वाटी घेऊन येते, साखर नेते, चार दिवसांनी परत आणून देते. फुटबॉलमध्ये वाटीऐवजी माणूस जातो. खेळाडू कागदोपत्री आपल्याच क्लबचा राहतो, पण हंगामभर किंवा अर्धा हंगाम दुसऱ्याकडून खेळतो. पगार कोणी किती द्यायचा हे दोन्ही क्लब ठरवतात. काही करारांत जानेवारीत परत बोलावण्याची सोय असते, काहींत हंगामाच्या शेवटी विकत घेण्याची. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये उसना गडी आपल्या मूळ क्लबाविरुद्ध खेळू शकत नाही. युरोपच्या स्पर्धेत मात्र तशी आडकाठी नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बार्सिलोनानं बायर्न म्युनिकला उसना दिलेला कुटिन्हो बदली म्हणून मैदानात उतरला आणि त्यानं बार्सिलोनावरच दोन गोल केले. सामना ८-२ असा सुटला. साखर दिली आणि तिचेच लाडू आपल्या डोक्यात बसले, असा तो प्रकार!

तर ऑगस्ट २०२२. अमाद तोवर एकदा उसना जाऊन आला होता. जानेवारी २०२२ मध्ये त्याला स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे पाठवलं. पहिल्याच सामन्यात पाचव्या मिनिटाला गोल केला, म्हणून आमच्याकडे पेढे व्हायचे बाकी होते. चारच दिवसांनी सेल्टिकशी गाठ पडली. मध्यंतरापर्यंत संघ ०-३ असा मागे होता आणि पोराला बाहेर काढून बसवलं. पुढे हंगाम संपेपर्यंत त्याच्या वाट्याला बाकच जास्त आला.

त्यानंतर त्याला पुन्हा पाठवायचं की नाही यावर मँचेस्टरच्या चाहत्यांत जसे दोन तट पडले, तसेच आमच्या दिवाणखान्यातही पडले. एक ‘पाठवा’ पक्ष, एक ‘ठेवा’ पक्ष. ‘पाठवा’ पक्षात मी आणि माझा पुतण्या. ‘ठेवा’ पक्षात चिरंजीव एकटेच, पण त्यांचा आवाज दोघांचा. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात, म्हणजे तटस्थ.

“काका, बाकावर बसून कोण शिकलंय का सांगा,” पुतण्या म्हणायचा. “दुसऱ्या श्रेणीत लीगचेच शेहेचाळीस सामने असतात. आठवड्याला दोन-दोन. पाऊस, चिखल, अंगावर येणारे दांडगे बचावपटू. दोन महिने तिथं खेळला तर अंगात हाड येईल त्याच्या.”

“आणि इथं राहिला तर रोज मोठ्या खेळाडूंबरोबर सराव मिळतोय की,” चिरंजीव म्हणायचे. “नवीन कोच आलाय, एरिक टेन हाग. त्याला बघू तर दे. रेंजर्सकडे पाठवून काय मिळालं? होता तो विश्वास गेला.”

दोघांचंही खरं होतं. त्यात भर म्हणजे त्याच दिवसांत क्लबनं त्याच उजव्या कडेसाठी, तसाच डाव्या पायाचा, आन्तोनी नावाचा ब्राझीलचा खेळाडू सुमारे साडेनऊ कोटी युरो मोजून आणला. घरातल्या पोराला जागा नाही म्हणायचं आणि बाजारातून त्याच मापाचा दुसरा आणायचा! चिरंजिवांनी त्या रात्री जेवण टाकलं. आणि अमादची रवानगी झाली संडरलँडला.

संडरलँड हा जुना, मानी क्लब. चार वर्षं तिसऱ्या श्रेणीत काढून २०२२ मध्येच दुसऱ्या श्रेणीत परतला होता. अमाद आला त्याच्या आदल्या दिवशीच तिथं टोनी मोब्रे नावाचे प्रशिक्षक रुजू झाले होते. साठीच्या उंबरठ्यावरचा, पुष्कळ पावसाळे पाहिलेला माणूस. संघ बहुतेक पोराठोरांचा. तिथं हा गडी रुळला. सगळे मिळून १४ गोल केले. संघ सहाव्या क्रमांकावर येऊन वर चढण्याच्या सामन्यांपर्यंत पोचला. मे २०२३ मध्ये ल्युटनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्यानं लांबून डाव्या पायानं वळवून मारलेला गोल आमच्या पुतण्यानं मोबाईलवर किती वेळा दाखवला असेल, त्याची गणती नाही. पुढच्या सामन्यात संडरलँड हरलं आणि स्वप्न तिथंच थांबलं. पण पोरगा मोठा होऊन परतला.

‘पाठवा’ पक्षानं विजयोत्सव केला. तेव्हा चिरंजिवांनी खिशातून एक जुनं नाव काढलं. अदनान यानुझाय.

हाही विंगर, हाही मँचेस्टर युनायटेडचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये लीगमधल्या पहिल्या पूर्ण सामन्यात अठरा वर्षांच्या या पोरानं दोन गोल ठोकून संघाला २-१ असं जिंकून दिलं, तेही संडरलँडच्या मैदानावर! संधी देणारे प्रशिक्षक होते डेव्हिड मॉईस. ऑगस्ट २०१५ मध्ये विसाव्या वर्षी त्याला जर्मनीच्या डॉर्टमुंडकडे उसना दिला. तिथं लीगचा एकही सामना सुरुवातीपासून खेळायला मिळाला नाही, जानेवारीत परत बोलावला. मग २०१६-१७ ला पुन्हा उसना, आणि कुठे? संडरलँडलाच. प्रशिक्षकही तेच, मॉईस. माणूस ओळखीचा, मैदान पराक्रमाचं. आणखी काय हवं? पण तो संघ त्या वर्षी तळाला जाऊन प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला आणि यानुझायच्या नावावर लीगमध्ये एकही गोल लागला नाही. त्या उन्हाळ्यात युनायटेडनं त्याला स्पेनमध्ये विकून टाकलं.

“आता बोल,” चिरंजीव म्हणाले. “तोच क्लब, तेच गाव. एकाचं सोनं झालं, एकाची माती.”

पुतण्यानं बेकहॅम काढला. १९९५ मध्ये एकोणीस वर्षांच्या बेकहॅमला प्रेस्टनला पाठवलं होतं. क्लबला आपण नकोसे झालो असं त्याला आधी वाटलं. पाच सामने खेळला, दोन गोल केले, त्यातला एक थेट कॉर्नरवरून, आणि पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. त्यावर चिरंजीव म्हणाले, “मग गिग्ज? तो कुठं गेला होता उसना?” आणि गाडी पुन्हा मूळपदावर आली.

अशा वेळी सौभाग्यवती पोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “पोरगं तर तेच होतं की. मग पहिल्या घरी का नाही जमलं आणि दुसऱ्या घरी कसं जमलं, ते कोण सांगत नाही. नुसतं पाठवा आणि ठेवा!”

दोन्ही पक्ष गप्प. वाचकहो, सगळा वाद खरं तर तिथंच संपायला हवा होता.

मी नंतर त्यावर विचार करत बसलो. रेंजर्सकडे तो गेला तो जानेवारीत, म्हणजे लग्नघरात ऐन मुहूर्ताच्या वेळी. संघ विजेतेपदासाठी सेल्टिकशी झुंजत होता, युरोपातही पुढे पुढे जात होता. प्रत्येक सामना जिंकायलाच हवा. एकोणीस वर्षांच्या पोराच्या दोन चुका पोटात घालायला तिथं कोणाला सवड होती? संडरलँडला तो गेला ते हंगामाच्या सुरुवातीला. नुकत्याच वर आलेल्या त्या संघाकडून कोणाची मोठी अपेक्षा नव्हती. मोब्रेंनी त्याला हळूहळू आत घेतलं. चुकायला सामने होते, सुधारायलाही सामने होते. यानुझाय त्याच गावी गेला तेव्हा ते घर आधीच गळत होतं. गळक्या घरात पाहुण्याच्या अंथरुणाकडे कोण बघतो?

म्हणजे उसनं देणं चांगलं की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या घरी, कोणत्या वेळी आणि कोणाच्या हाताखाली, हे विचारायला हवं. आणि आणखी एक, देणारा कशासाठी देतोय? काही क्लबांनी याचा धंदाच केला होता. चेल्सीची एका वेळी चाळिसेक पोरं गावोगाव उसनी गेलेली असत. त्यातली किती परत येऊन खेळणार होती? पुष्कळशी बाहेर वाढवून विकण्यासाठीच होती. शेवटी जागतिक संघटनेनं, फिफानं, जुलै २०२२ पासून परदेशी उसनवारीला लगाम घातला. एका वेळी किती खेळाडू द्यायचे-घ्यायचे त्याची मर्यादा आणली, ती उतरवत २०२४ पासून सहावर नेली. एक करार वर्षापेक्षा जास्त नाही. आणि उसन्या आणलेल्या गड्याला आणखी तिसऱ्याकडे उसना द्यायचा नाही. आपल्याच क्लबात घडलेल्या एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांना त्या संख्येतून सूट आहे. नियम बरा आहे. पण नियम आकडे मोजतो, पोराचं मन मोजत नाही.

हे मी का लिहितो, ते आता सांगतो. मी स्वतः दोन वर्षं उसना गेलो होतो.

नऊ वर्षांचा होतो. घर दोन खोल्यांचं, आम्ही तिघं भावंडं, वडिलांचा पगार बेताचा. आजऱ्याच्या आत्याला मूल नव्हतं. “दोन वर्षं राहू दे की माझ्याजवळ,” असं आत्या म्हणाली आणि मी गेलो. कोणी मला विचारलं नाही. त्या काळी विचारायची पद्धत नव्हती. आत्यानं माया केली. हिरण्यकेशी नदीत पोहायला शिकलो, सायकल शिकलो, गणित सुधारलं. ‘पाठवा’ पक्षाला पुरावा हवा असेल तर मी आहे.

पण दोन वर्षांनी परत आलो तो दिवस मला अजून आठवतो. भिंतीत एक कोनाडा होता, त्यात माझ्या गोट्या, भोवरा आणि पुस्तकं असायची. तिथं धाकट्या भावाची पुस्तकं होती. जेवताना वडिलांच्या उजव्या हाताला माझा पाट असायचा, तिथं धाकटा बसला होता. कोणाचं काहीच चुकलं नव्हतं. दोन वर्षं जागा रिकामी कोण ठेवणार? आई म्हणाली, “ये, इकडं बस,” आणि दाराजवळ पाट मांडला. पाहुण्यासारखा मी त्यावर बसलो. तो धाकटा आज माझा जिवाभावाचा आहे, आमचा पुतण्या त्याचाच. पण तो पाट मी विसरलो नाही.

म्हणून अमाद परत आला तेव्हा मला त्याच्या गोलांपेक्षा त्याच्या पाटाची काळजी. परत येतो न येतो तोच, जुलै २०२३ च्या सराव सामन्यात गुडघा दुखावला. डिसेंबरच्या अखेरीपर्यंत मैदान नाही. बरा झाला तरी बाकच. १७ मार्च २०२४, रविवार, लिव्हरपूलविरुद्ध एफ.ए. कपचा सामना. मध्यरात्र होत आलेली. बदली म्हणून उतरलेल्या अमादनं १२१ व्या मिनिटाला गोल केला, ४-३! पठ्ठ्यानं आनंदात शर्ट काढला, दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि स्वतःच्याच विजयाच्या क्षणी मैदानाबाहेर गेला. “शर्ट कशाला काढला मेल्यानं, थंडीत!” असं सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांनी शेवटची दहा मिनिटं उभ्यानं बघितली होती, हे इथं नोंदवून ठेवतो.

मग डिसेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध ९० व्या मिनिटाला विजयी गोल. जानेवारी २०२५ मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध शेवटच्या बारा-तेरा मिनिटांत तीन गोल. त्याच महिन्यात क्लबनं २०३० पर्यंतचा करार केला. आणि गंमत बघा, त्याच महिन्याच्या शेवटी तो साडेनऊ कोटींचा आन्तोनी स्वतः उसना गेला, स्पेनच्या बेटिस क्लबकडे. तिथं असा खुलला की बेटिसनं पुढे त्याला विकतच घेतलं. एकाला उसनं जाऊन आपलं घर परत मिळालं, दुसऱ्याला नवं मिळालं.

इतके दिवस हे सगळं दूरदर्शन संचातलं होतं. गेल्या महिन्यात ते उंबऱ्यातून आत आलं.

चिरंजीव आता अठरा पूर्ण, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. त्यांच्या इथल्या संघाचे प्रशिक्षक एका संध्याकाळी घरी आले. गोव्यातल्या एका संघाला डाव्या कडेचा मुलगा हवा आहे. एक हंगाम तिकडे खेळू दे, मग परत येऊ दे. चोर्ला घाट उतरला की गोवा, काही लांब नाही. तिथला खेळ वरच्या दर्जाचा. पोराचं भलं होईल.

वाचकहो, काय सांगू? तीन वर्षं ‘पाठवा, पाठवा’ म्हणून ओरडणारा मी एकदम म्हणालो, “कॉलेजच्या हजेरीचं काय?” पुतण्याही चहाच्या कपात बघत बसला. परक्याचं पोर पाठवताना जी जीभ चालते, ती आपलं पाठवताना टाळूला चिकटते.

सौभाग्यवतींनी मात्र कालनिर्णयच्या मागच्या बाजूला चार प्रश्न लिहून काढले आणि एकेक करून विचारले. तिथं राहायला कुठे, जेवण कोण देतं? दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? खेळवणार की नुसतं बसवून ठेवणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली. तिसऱ्यासाठी त्यांनी गोव्याच्या प्रशिक्षकांनाच फोन लावायला सांगितला. ते गृहस्थ म्हणाले, “बाई, खेळवीनच असा शब्द देत नाही. पण आमच्याकडं डाव्या कडेला एकच मुलगा आहे, त्यामुळं याची पाळी येणार. आणि चुकला म्हणून एका सामन्यात बाहेर काढणार नाही.” हे उत्तर त्यांना आवडलं. गोड बोलला असता तर नको म्हणाले असते, असं नंतर म्हणाल्या.

चौथा प्रश्न इथल्या प्रशिक्षकांना होता. “परत आल्यावर इथं याची जागा राहील?”

ते जरा घुटमळले. “वहिनी, तोवर दुसरा कोण तयार झाला तर... मी खोटं कशाला बोलू?”

खोलीत शांतता झाली. माझ्या डोळ्यांपुढे दाराजवळचा पाट आला. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेले, जन्मभर ‘ठेवा’ पक्षात असलेले चिरंजीव बोलले. “आई, जागा कोण राखून ठेवत नाही गं. परत येऊन मिळवावी लागते. अमादनं मिळवली की. मी जातो.”

माझ्या वेळी जे कोणी विचारलं नव्हतं, ते याला विचारावं लागलं नाही. यानं आपणहून सांगितलं.

पावसाळा सरता सरता तो जाणार आहे. कॉलेजला अर्ज दिला आहे, बूट नवे घेतले आहेत, लोणच्याची बरणी बांधून तयार आहे. काल धाकट्या लेकीनं हळूच विचारलं, “बाबा, दादा गेल्यावर त्याचं कपाट मला?”

“नाही,” मी जरा जास्तच जोरात म्हणालो. संघातली जागा त्याची त्यानं मिळवावी. कपाट मात्र त्याचंच राहील.